नवरात्रात 40 माणसं घरी, एका घासाचं गोड-तिखट काय काय करू? (बेळगाव)

टिळकवाडीची_धाकटी

नमस्कार सगळ्यांना. आमच्या सासूबाई सप्टेंबरअखेरीला शाळेतून रिटायर व्हायल्यात. त्यांच्या सोबतच्या बाई, गुरुजी, गल्लीतली माणसं आणि आमचे पाव्हणे मिळून 40 जणांना रविवारी संध्याकाळी घरी बोलवायचं ठरलंय. जेवण ठेवू नका असं त्यांनीच सांगितलंय, कारण पंगत बसली की घरातल्या बायका वाढण्यातच अडकतात आणि त्यांना त्या दिवशी सगळ्यांशी निवांत बोलायचंय. म्हणून हॉलमध्ये आणि गच्चीवर ताटं फिरवायची असं डोक्यात आहे, एका घासात संपेल असं थोडं तिखट थोडं गोड, उभ्या उभ्या खाता येईल, हात बरबटणार नाहीत, साडीवर सांडणार नाही.

आता अडचणी. नवरात्र आहे त्यामुळे तीन-चार जणींचा नऊ दिवसांचा उपास, काही घरांत कांदा-लसूण बंद, शेजारचं एक घर जैन, कन्नड शाळेतल्या दोन टीचरही यायच्यात. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, दुपारी ऊन आणि चारला सर, कुरकुरीत काहीही केलं की तासाभरात मऊ पडतंय. आणि करणाऱ्या आम्ही दोघीच, मी आणि जाऊबाई. नेटवर बघितलं तर काडीला चीझ आणि ऑलिव्ह टोचलेलं असलंच दिसतंय, ते आमच्या माणसांना नको वाटेल, आणि सासूबाईंच्या दिवशी आपल्या बेळगावचं काहीतरी असावं असं मला मनापासून वाटतंय. कुंदा, आपली ती आटवलेल्या दुधाची मिठाई, असणारच, पण वाटी-चमचा न देता तो एका घासाचा कसा करायचा?

अनगोळचा_आचारी

ताई, आधी हिशोब करूया मग पदार्थ. जेवण नाही म्हणजे माणूस ह्याच्यावरच पोट भरून जाणार, माणशी 10 ते 12 नग धरा, म्हणजे 400 ते 480 झाले. आकडा मोठा वाटतंय पण सहाच प्रकार केले तर एकेकाचे 70-80 येतात आणि ते दोघींच्यानं होतंय. सहाच्या वर जाऊ नका. दहा प्रकार केले की एकेक करताना दमणूक, प्रत्येक ताटात चार-चारच उरतात आणि फिरवणाऱ्याला कुठलं कुणाला द्यायचं तेही कळत नाही. चार तिखट, दोन गोड बास.

त्या सहातले दोन आदल्या दिवशी करून डब्यात जाणारे घ्या, दोन असे की तुकडे तयार आणि वरचं सारण तयार, ताट बाहेर जायच्या आधी फक्त जोडायचं, आणि दोन गरम. गरम दोन्हींना तेल लागणार असेल तर एक बदला, घरच्या शेगडीवर दोन कढया लावल्या की तुम्ही दोघी स्वयंपाकघरातच राहणार आणि सासूबाईंनी जे टाळायला सांगितलं तेच होणार.

गरमात माझं मत पड्डूला. आप्पे म्हणा पड्डू म्हणा, तो जन्मतःच एका घासाचा आहे, तेल थेंबथेंब, आणि गार झाला तरी चांगला लागतोय. 3 वाट्या तांदूळ, 1 वाटी उडीदडाळ, चमचाभर मेथ्या आणि वाटताना मूठभर भिजवलेले पोहे. आपल्याकडं सध्या हवा गार आहे, पीठ नीट यायला रात्र पुरत नाही कधी कधी, तर दुपारीच वाटून ठेवा. 12 खळ्यांच्या तव्यावर एक घाणा 6-7 मिनिटं घेतोय, म्हणजे 80 पड्डूंना पाऊण-एक तास. पहिले 40 लोक यायच्या आधी काढून कापड पसरलेल्या डब्यात ठेवा आणि बाकीचे अधूनमधून, म्हणजे कुणी एकीनं सतत तव्याजवळ उभं राहायला नको. कांद्याऐवजी खोबऱ्याचे बारीक तुकडे, आलं, हिरवी मिरची, कढीपत्ता. चटणी वाटीत देऊ नका, सांडतेच. पड्डू अर्धवट चिरून आत घट्ट चटणी भरा आणि काडी टोचा.

मिरची भजी कितीही आवडली तरी ह्या कार्यक्रमात नको. पावसात दहा मिनिटांत लोळते आणि एका घासात मावत पण नाही.

शहापूरच्या_काकू

अगो बाळ, तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग. मी सांगते ते कर, कडक भाकरी घे. बाजारात ती बिस्किटं आणि मैद्याच्या छोट्या वाट्या मिळतात ना सारण भरायला, त्याला पैसे घालू नकोस, वर ओलं काही ठेवलं की पाच-दहा मिनिटांत बसतात. आपली ज्वारीची कडक भाकरी त्याच्यापेक्षा कितीतरी दमदार.

मोठी आणून मोडलीस तर वेडेवाकडे तुकडे होतात, म्हणून घरी छोट्याच कर. ज्वारीचं पीठ कढत पाण्यात मीठ घालून मळायचं, पातळ लाटायचं आणि कच्च्यातच छोट्या वाटीनं गोल पाडायचे, रुपयापेक्षा थोडे मोठे. तव्यावर आधी दोन्हीकडून शेकून घ्यायचे, मग गॅस बारीक करून फडक्यानं दाबत दाबत कोरडे होईपर्यंत ठेवायचे. वाकवला तर मोडला पाहिजे, लवला तर अजून ओल आहे. गार झाल्यावरच डब्यात भर, गरम भरलास की वाफ धरते आणि सगळी मेहनत जाते. हे दोन-तीन दिवस आधी केलं तरी चालतंय.

वर लावायचं आयत्या वेळी. आधी घरचं लोणी, अगदी पातळ थर, कारण लोण्यानं चटणीची ओल खाली उतरत नाही. त्यावर शेंगाचटणी. रंगाला ब्याडगी मिरची आणि तिखटाला संकेश्वरी, संकेश्वरी जरा जपून, पाहुण्यांत म्हातारी माणसं आहेत. लसूण बंद म्हणतेस तर जिरं भाजून घाल आणि चिंचेचं एक बोटूक, कुणाला उणीव वाटणार नाही. भरल्या वांग्याचा लगदा पण ह्याच्यावर फार छान लागतो, पण चातुर्मासात कित्येक घरी वांगं चालत नाही, तो दिवाळीनंतर कधीतरी कर.

आता कुंदा. आपला कुंदा रवाळ आणि ओलसर, दूध आटवताना फोडून त्यात साखर जळवलेली असते, नुसते गोळे वळलेस तर हाताला चिकटतात आणि ताटात पसरतात. त्याला खाली काहीतरी आधार हवा. छोट्या कटोऱ्या तळ. बारीक रवा आणि मैदा निम्मे-निम्मे, तुपाचं मोहन, साखर अजिबात नको कारण कुंदाच गोड. लाटून स्टीलच्या छोट्या साच्यावर बाहेरून दाबायचं, टोचे द्यायचे आणि साच्यासकट मंद तेलात सोडायचं, तळताना आपोआप सुटते. ह्या पण आदल्या दिवशी होतात.

खानापूर_रान

वैनी, उपासवाल्यांचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितोय. आपल्याकडं आत्ता रताळी निघायला लागल्यात, पश्चिमेकडच्या गावांत जिकडं बघाल तिकडं रताळ्याचं रान आहे आणि आपण नवरात्रात बटाट्याच्या मागं लागतो. ताजी, मातीची, मध्यम जाडीची लांबट घ्या, फार जाडी घेऊ नका, तिचे काप एका घासाचे होत नाहीत.

पाण्यात शिजवू नका, पाणी पिऊन गिचका होतो. सालीसकट वाफवा, सुरी घातली की थोडा जोर लागला पाहिजे एवढंच, मग पूर्ण गार करून अर्ध्या बोटाएवढ्या जाड चकत्या. तव्यावर तुपात दोन्हीकडून डाग पडेपर्यंत भाजा. निम्म्यांवर दाण्याचा कूट, हिरवी मिरची, लिंबू, सैंधव असं घट्ट कालवून एक एक चिमट, आणि निम्मे गूळ-तुपात घोळवून वर वेलची. एकाच रताळ्यात तिखट पण झालं, गोड पण झालं, आणि उपास नसलेले पण उचलून खातात, त्यामुळं जरा जास्तच करा. गुळातले मात्र हाताला चिकटतात, त्यांना काडी टोचाच.

अजून एक हवं असेल तर वरीचे पड्डू. 1 वाटी वरी आणि पाव वाटी साबुदाणा तीन-चार तास भिजवून ताकात वाटायचं, मिरची-जिरं-कूट घालून त्याच तव्यावर. फक्त तवा आधी ह्यांच्यासाठी वापरा, मग तांदळाचे घाला. उपासवाल्या बायका विचारत नाहीत, पण त्यांच्या मनात राहतंय, आपण आधीच सांगितलं तर निर्धास्त खातात.

चिकोडीची_वहिनी

ताई, तुमच्या शेजारच्या जैन घरासाठी थोडं सांगते, आम्ही जैनच. पहिली गोष्ट वेळ. चातुर्मास चालू आहे आणि पाळणारी माणसं सूर्यास्तानंतर खात नाहीत. सप्टेंबरअखेर आपल्याकडं सव्वासहा-साडेसहाला दिवस मावळतोय, तुम्ही कार्यक्रम सहाला ठेवला तर ती बिचारी येऊन नुसती बसून जातील. साडेचार-पाचला सुरू करा आणि त्यांचं ताट पहिल्यांदा काढा.

दुसरं, कांदा-लसूण नाही म्हणजे जैन झालं असं नसतंय. बटाटा, रताळं, गाजर, ओलं आलं काहीच नाही, म्हणजे वर दादांनी सांगितलेल्या पड्डूत आलं आहे ते त्यांच्यासाठी नको, सुंठ घाला. आणि कडक पाळणारे रात्रभर आंबवलेलं पीठ पण घेत नाहीत. चातुर्मासात हिरवा पाला बंद असतो, तर वरून कोथिंबीर पेरायची आपली सवय आहे ती त्या ताटावर आवरा. सगळेच एवढं पाळतात असं नाही, एकदा जाऊन सरळ विचारा, विचारलं तर कुणालाही बरंच वाटतंय.

करायला सोपं सांगते. मुगाची डाळ सकाळी भिजवून दुपारी वाटा, मिरची, जिरं, सुंठ, मीठ, आणि घालायच्या आधी चिमूटभर सोडा, तव्यावर पड्डू. त्याच दिवसाचं, आंबवणं नाही. कच्च्या केळ्याचे काप पण छान होतात, तांदळाच्या पिठात घोळवून कमी तेलात. ही दोन्ही सगळ्यांनाच दिली तर वेगळं ताट मांडायची पण गरज नाही आणि त्या घराला आपल्यासाठी वेगळं केलंय असं अवघडल्यासारखं होत नाही, मला तरी हे जास्त आवडतंय.

टिळकवाडीची_धाकटी

सगळ्यांचे किती आभार मानू, जाऊबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणायल्यात आता भीती गेली. वेळ साडेचारच करतोय. आंबवलेल्या पिठाचे पड्डू काढून मुगाचेच सगळ्यांना करायचं ठरवलं. म्हणजे कडक भाकरी, मुगाचे पड्डू, रताळं तिखट, केळ्याचे काप, गोडात रताळं गुळातलं आणि कुंद्याच्या कटोऱ्या. सहा झाले. दोन प्रश्न राहिले. करदंट पण ठेवायचं मनात होतं, सासूबाईंना गोकाकचं करदंट फार आवडतं, मग सात होतात. आणि कुंदा कटोरीत भरून किती वेळ आधी ठेवता येईल? काकू, शेजारच्या घराला कुंदा चालेल ना?

अनगोळचा_आचारी

करदंट खुशाल ठेवा, त्याला तुमचे कष्ट काहीच नाहीत. डिंक, गूळ, सुकं खोबरं, सुकामेवा, सगळं टिकाऊ. फक्त अख्ख्या वड्या ठेवू नका, चावायला जड, दोन घास बोलणं बंद पडतंय. बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, सुरीला तूप लावून. हवेत ओल आहे म्हणून एकमेकांना चिकटतील, दोन थरांत बटरपेपर घाला. मांडे, म्हणजे त्या साखर-खसखशीच्या पातळ कुरकुरीत पोळ्या, मात्र आणू नका, कुणीतरी सुचवेलच, पण उभ्यानं खाताना सगळ्या गच्चीवर चुरा.

कुंदा मी शेवपुरीच्या पुरीवर देतो, काकूंसारखी कटोरी तळायला वेळ नसतो. जमलं तर बघा.

शहापूरच्या_काकू

दादा, रागावू नका, पण शेवपुरीच्या पुरीत मीठ असतं, कधी ओवा असतो, कुंद्याचा दुधाचा स्वाद त्यात मारला जातो. सासूबाईंच्या दिवसाला तेवढं तरी नीट होऊ दे, 80 कटोऱ्या दोघी मिळून शनिवारी दुपारी सहज होतात.

बाळ, कटोरीत तळाला आधी भाजलेली खसखस आणि सुक्या खोबऱ्याचा कीस घाल, चिमूटभरच, ओल तेच पितं आणि चव पण मांड्यासारखी येते. तरी भरून अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नकोस. कटोऱ्या डब्यात, कुंदा वेगळा, दोन ताटं फिरली की पुढच्या दोन ताटांएवढंच भर. कुंदा फ्रीजमधून तासभर आधी बाहेर काढ, गार असला की घट्ट बसतो आणि तुपाचा वास उमलत नाही. लाईट गेली तरी घाबरू नकोस, साखर भरपूर असते, एका दुपारीला काही होत नाही. कटोरीवर घट्ट बांधलेल्या दह्याचा चक्का अगदी मुगाएवढा ठेवून बघ, साखर न घातलेला. दोन पदार्थांनंतर नुसता गोड कुंदा जड होतो, त्या आंबटपणानं माणूस दुसरी कटोरी उचलतो. शेजारच्या घराचं मला पक्कं सांगता येणार नाही, चिकोडीच्या वहिनींनी म्हटलं तसं जाऊनच विचार.

चिकोडीची_वहिनी

काकू, दूध-साखरेचं आहे म्हणून आमच्यात बहुतेक घरी चालतंय, पण बाहेरचं विकतचं न खाणारी माणसं पण असतात. ताई, तुम्ही घरीच केला असेल तर तसं सांगा. आणि चक्का त्यांच्या कटोऱ्यांवर ठेवू नका, दही किती वेळाचं आहे ते काही जण बघतात. पाण्याचं पण लक्षात ठेवा, गाळलेलं उकळलेलं पाणी वेगळ्या तांब्यात झाकून ठेवा, एवढं केलंत की ती माणसं शेवटपर्यंत थांबतील.