सीआरपी नॉर्मल म्हणजे ल्युपस शांत, असं नाही

सीआरपी म्हणजे यकृतात बनणारं, शरीरातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रोटीन; ल्युपस म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार. ‘सीआरपी नॉर्मल आलाय, म्हणजे ल्युपस शांत आहे’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. ल्युपसमध्ये मेलेल्या पेशींचा डीएनए-आरएनए अँटिबॉडींना चिकटून प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशींत (प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पेशींत) शिरतो, तिथले टीएलआर-७ आणि ९ (डीएनए-आरएनए ओळखणारे सेन्सर) चाळवतो, आणि इंटरफेरॉन-अल्फा (प्रतिकारशक्ती चेतवणारं प्रोटीन) भरमसाट सुटतं. हेच इंटरफेरॉन यकृतात सीआरपी बनणं दाबतं. म्हणून ईएसआर (सूज दाखवणारी दुसरी रक्ततपासणी) ९० इतका चढलेला आणि सीआरपी जेमतेम, असा रिपोर्ट येऊ शकतो. उलट सीआरपी एकदम चढला तर आधी जंतुसंसर्ग शोधावा (फुप्फुसाच्या आवरणाला सूज असली तरी चढतो, हेही ध्यानात ठेवा). आजाराचा भडका ओळखायला सी३, सी४ (भडक्यात कमी होणारी रक्तातली प्रोटीनं), अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धच्या अँटिबॉडी) आणि न चुकता लघवीतलं प्रोटीन बघा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे ल्युपसवरचं औषध याच टीएलआरना आवर घालतं. बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका.