मदत हवी आहे: मोरचूद (कॉपर सल्फेट) तापवल्यावर काळं का पडत नाही?
मी कळव्याला दहावीच्या मुलांची शिकवणी घेते. काल स्पिरिटच्या दिव्यावर परीक्षानळीत कॉपर कार्बोनेट तापवलं. हिरवी पूड बघता बघता काळी, म्हणजे कॉपर ऑक्साइड. निघालेल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याची निवळी दुधाळ. पोरं खूश! मग मोरचूद घेतलं. निळे खडे पांढरे पडले, नळीच्या तोंडाशी पाण्याचे थेंब जमले आणि गाडी तिथेच अडली. सल्फेटचं ऑक्साइड व्हायला 600 अंशांच्या वर तापमान लागतं, वर विषारी वायू, म्हणून हट्ट सोडला. पण "टीचर, दोन्हीत तांबंच ना, मग कार्बोनेटच लवकर का मोडतं?" याचं उत्तर दहावीच्या भाषेत कसं द्यायचं? आणि झिंक कार्बोनेट ठाणे स्टेशनच्या आसपास सुटं, पन्नासेक ग्रॅम, कुठे मिळेल? त्याचं ऑक्साइड गरम असताना पिवळं, गार झालं की पांढरं. ते मुलांना दाखवायचंच आहे.