निळं फूल आणि उद्याची कापणी

कुलकर्णी काकू (ए-१०३): उद्या लॉन कापणार म्हणे. कोपऱ्यातलं निळं फूल तरी सोडा. मागच्या खेपेला काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.

सावंत (सेक्रेटरी): काकू, गवत आहे ते. झाडं ओळखायचं ॲपसुद्धा गवतच सांगतंय.

बापट काका: केना आहे तो.

रेवती: केन्याला दोन मोठ्या निळ्या पाकळ्या, तिसरी बारकी. इथे सहा, जवळजवळ सारख्या. मध्ये पिवळं, प्रत्येकीच्या टोकाला केसाएवढं टोचकं. सिसिरिंकियम आहे, काका, आयरिसच्या कुळातलं, गवतासारखं दिसणारं फुलझाड. फोटो झूम करा. आणि सावंत, नुसत्या पानांचा फोटो टाकल्यावर ॲप दुसरं काय सांगणार? दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताचा बहुधा गोल असतो, हा पट्टीसारखा चपटा, दोन्ही कडांना धार. पानं बुडाशी पंख्यासारखी एकात एक बसलेली. कूळ तिथेच कळतं.

बापट काका: केना आहे तो.

निखिल: काकांचं रेकॉर्ड अडकलं 😀

बापट काका: वयाचा मान ठेवा.

कुलकर्णी काकू: संध्याकाळी गेले तर एक फूल नाही! बी विंगची मुलं तिथेच खेळत होती.

जाधव वहिनी: झालं, बी विंगचं नाव आलंच. पार्किंगच्या वेळीही असंच.

रेवती: कोणी तोडलं नाही. ढग आले, दुपार कलली की मिटतं ते. उद्या उन्हात फोटो घ्या, एक समोरून, एक बाजूने. बाजूच्या फोटोत पाकळ्यांच्या खाली फुगीर बीजकोश दिसायला हवा. पुंकेसर तीनच.

देसाई सर: जात ठरवायला तेवढं पुरत नाही, दांडा मोजा. मध्येच फाटे फुटलेत आणि रुंदी ३-४ मिमी असेल तर सिसिरिंकियमची अँगुस्टिफोलियम ही जात. नावाचा अर्थ 'अरुंद पानांचं', दांडा मात्र रुंदांपैकी! फाटाच नसेल तर मोंटॅनम ही दुसरी जात तपासा.

सावंत (सेक्रेटरी): सर, कापायचं की नाही तेवढं बोला. माणूस सातला येतो.

रेवती: सातला फुलं मिटलेलीच असणार, म्हणून तर तो गवत समजून कापतो. चार काठ्या रोवून दोरी बांधते. गोल बोंडं पिकून काळं बी सांडलं की खुशाल कापा.

सावंत (सेक्रेटरी): दोरी मेंटेनन्समधून मिळणार नाही.

कुलकर्णी काकू: मी देते दोरी. मागितलीय कोणी तुमच्याकडे?

बापट काका: झूम केलं. सहाच आहेत. भिंतीकडचा मात्र केनाच.