मदत हवी आहे: नर्स आणि आशाताईंसाठी मोबाईलवरून मानसिक आधार

नमस्कार मंडळी. मी नर्स आहे. २०२०-२१मध्ये कोविड वॉर्डात होते. पीपीई किट घातलं की सहा-सहा तास पाणी नाही, फोन नाही. ड्युटी संपल्यावर घरी वेगळ्या खोलीत झोपायचं, आणि मुलीशी दाराआडून बोलायचं. रुग्णांच्या नातेवाइकांना शेवटचा व्हिडिओ कॉल आम्हीच आमच्या मोबाईलवरून लावून दिलाय. त्याच मोबाईलवर आमच्यासाठी मात्र रोस्टर आणि सूचनांशिवाय काही येत नसे.

पुन्हा साथ आली तर असं होऊ नये म्हणून आम्ही काही जणी आत्ताच तयारीला लागलोय. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २०२२पासून चोवीस तास चालू आहे, तो सगळ्यांना दिलाय. २०२० साली अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने कोविड कोच नावाचं मोफत ॲप काढलं होतं: श्वासाचे व्यायाम, झोप, स्वतःच्या मनःस्थितीची नोंद. तसं काही साध्या मराठीत, आशाताईंना ऐकता येईल असं आहे का? वाचायला त्यांना वेळ कुठे असतो!

दुसरी अडचण जास्त मोठी वाटते. कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये वरिष्ठ असतात, तिथे कोणीही "मला झोप लागत नाही" असं लिहिणार नाही. नाव कळू न देता बोलता येईल अशी सोय कुणी चालवली आहे का? रात्रपाळीनंतर फोन उचलणारं माणूस कसं मिळवलंत? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.