मदत हवी आहे: सायबर छळाच्या प्रश्नावलीवरून मुलामुलींची तुलना कशी करावी?

प्रश्न
प्रश्नावलीत २२ विधानं आहेत: ११ छळ करण्याबद्दल, ११ सोसण्याबद्दल. उत्तरं ० (कधीच नाही) ते ४ (आठवड्यातून अनेकदा). दोन्ही गट साधारण ४००-४०० चे. बेरजेवर टी-टेस्ट (दोन गटांच्या सरासरींची तुलना) केली तर सोसण्याचे गुण मुलींचे जास्त येतात. मार्गदर्शक म्हणतात, आधी मेझरमेंट इन्व्हेरियन्स (प्रश्नावली दोन्ही गटांत सारखंच मोजते हे) दाखवा. पण लावान या आर भाषेतल्या पॅकेजमध्ये मॉडेल चालतच नाही. काही विधानांवर मुलींच्या गटात ३ आणि ४ ही उत्तरंच नाहीत. काय करू?

प्रतिसाद १
मार्गदर्शकांचं ऐका. सारखाच छळ सोसलेले मुलगा आणि मुलगी ‘न विचारता माझा फोटो टाकला’ या विधानाला वेगवेगळं उत्तर देत असतील, तर बेरजेतला फरक छळाचा की विधानाचा, हे सांगताच येणार नाही.

ज्या विधानांवर ३ आणि ४ आलेच नाहीत, त्यांत २, ३, ४ एकत्र करा, आणि ते दोन्ही गटांत. एकाच गटात केलंत तर थ्रेशोल्डची (लगतच्या दोन उत्तरांमधल्या सीमांची) संख्या जुळणार नाही. ०/१ असे दोनच पर्याय शक्यतो टाळा, कारण मग थ्रेशोल्ड आणि घटकभार (विधान मूळ घटकाशी किती जोडलेलं आहे ते) वेगवेगळे तपासता येत नाहीत. तीनच पर्याय उरले तर नुसत्या थ्रेशोल्डच्या समानतेचीही चाचणी होत नाही. म्हणून आधी मोकळं मॉडेल (गटांवर समानतेची अट नसलेलं), मग थ्रेशोल्ड आणि घटकभार एकदम समान, मग इंटरसेप्टही (विधानाची मूळ पातळी) समान. विधानं ‘ऑर्डर्ड’ (क्रमवार उत्तरांची) म्हणून द्या, एस्टिमेटर (अंदाज काढण्याची पद्धत) डब्ल्यूएलएसएमव्ही. सिंटॅक्स हाताने लिहू नका, सेमटूल्स हे पॅकेज लिहून देतं.

दोन मॉडेलांचे काय-स्क्वेअर (मॉडेल माहितीशी किती जुळत नाही याचा आकडा) थेट वजा करू नका. या एस्टिमेटरला स्केल केलेली फरक-चाचणी लागते. सीएफआय (मॉडेल किती जुळतं याचा निर्देशांक) ०.०१ पेक्षा जास्त घसरू नये हा निकष सलग मापनाच्या मॉडेलांवरून आलाय, इथे तो फक्त जोडीला ठेवा.

प्रश्नकर्ती
एखादं विधान अडलं तर काढून टाकू?

प्रतिसाद २
नको! लैंगिक शेरेबाजीचं विधान काढलंत तर मुली जे सोसतात तेच मोजायचं राहून जाईल. स्कोअर टेस्टने (एकेक अट सोडली तर मॉडेल किती सुधारेल हे सांगणारी चाचणी) समानतेची नेमकी कुठली अट मोडते ते शोधा, तेवढीच एका गटात मोकळी सोडा, बाकी बांधलेल्या ठेवा. मग बेरजेऐवजी सुप्त घटकाच्या (विधानांमागे असलेल्या, थेट न दिसणाऱ्या पातळीच्या) सरासरींची तुलना करा: मुलींची ० धरा, मुलांची मोकळी. अट सोडण्याआधीचा आणि नंतरचा, दोन्ही फरक प्रबंधात द्या. आणि आधी ११-११ विधानांची मॉडेलं वेगळी चालवा. बावीसही एकदम घेतलीत तर गडबड कुठे आहे ते लवकर सापडत नाही.