मदत हवी आहे: ३ वर्षांच्या भाचीला नाताळला काय द्यावं?

आम्ही वसईचे, त्यामुळे नाताळ म्हणजे सगळी नातेवाईक मंडळी घरी आणि प्रत्येकाच्या हातात एकेक खोकं. भाचीकडे आधीच दोन किचन सेट नि ढीगभर बाहुल्या आहेत, पण पोरगी खेळते कशाशी तर रिकाम्या डब्यांशी आणि वहिनीच्या पोळपाट लाटण्याशी. वहिनीने आधीच सांगून ठेवलंय की प्लीज आता प्लास्टिक नको, पाय ठेवायला जागा नाहीये. तिचं बरोबरच आहे म्हणा.

माझ्या डोक्यात ज्योत्स्ना प्रकाशनची चित्रांची पुस्तकं आहेत, नाहीतर राणीच्या बागेत पेंग्विन बघायला नेऊ (बुधवार सोडून), किंवा सगळ्यांनी मिळून सुकन्या समृद्धीत (मुलींसाठीची सरकारी बचत योजना) पैसे टाकू, तिथे वर्षाला २५० पासून दीड लाखापर्यंत भरता येतात, खातं मात्र दादा किंवा वहिनीलाच उघडावं लागेल. पण खात्यातलं तिला काय कळणार, मिस्सावरून (चर्चमधल्या प्रार्थनेवरून) आल्यावर काहीतरी उघडायला हवंच ना हातात! सावंतवाडीची लाकडी फळं कुणी घेतलीयत का, रंग जातो का? ही अजून सगळं तोंडात घालते.

आणि बाकीच्यांना, खास करून मोठ्या काकींना, न दुखावता "खेळणी आणू नका" कसं सांगता तुम्ही?