शोषण, उत्सर्जन, अर्धायुष्य: रंगाच्या कारखान्यात कळेल असं काय म्हणायचं?

भाषांतरवाली:
नमस्कार मंडळी. एका रंगाच्या कारखान्यासाठी सेफ्टी ट्रेनिंगचं मराठी करतेय, विषय टॉल्युईन, म्हणजे थिनरमधलं ते उग्र वासाचं. आठ तास वाफ हुंगली तर अंगात किती जाईल, कुठे जाऊन बसेल, किती वेळात बाहेर पडेल, हे कॉम्प्युटरवर आधीच कसं काढतात असा सगळा मजकूर आहे. मी आपले कोशातले शब्द टाकले आणि दहा-बारा जणांना वाचून दाखवले. "श्वासावाटे होणारे शोषण" म्हटल्याबरोबर मागून आवाज, "म्याडम, आमचं शोषण पगारावाटे होतं." हसले सगळे, मीपण. पण "टॉल्युईनचे अर्धायुष्य" (म्हणजे अंगातलं निम्मं व्हायला लागणारा वेळ) आलं तेव्हा एक वयस्कर काका गप्प झाले, आणि जेवणाच्या सुट्टीत बाजूला घेऊन हळूच विचारतात, म्हणजे माणसाचं निम्मं आयुष्य कमी होतं का हो? तेव्हापासून मला ते पान उघडवत नाहीये. सुचवा काहीतरी.

जुना केमिस्ट:
शोषणाऐवजी अवशोषण लिहा, निदान पगार आठवणार नाही. फक्त अधिशोषण लिहू नका, ते वेगळं. मास्कच्या डबीतला कोळसा टॉल्युईन नुसतं आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवतो ते अधिशोषण, आणि मास्क न लावणाऱ्याच्या फुप्फुसातून रक्तात उतरतं ते अवशोषण. एका अक्षराचा फरक पण एक वाचवतं आणि दुसरं भोवतं.

थिनरचा डबा:
ताई, चौदा वर्षं स्प्रे बूथमधे काढलीत, अवशोषण हा शब्द आज पहिल्यांदा वाचला. आमच्यात "थिनर चढलं" म्हणतात. डोकं हलकं होतं, मग जड होतं, बाहेर जाऊन उभं राहायचं. आणि घरी गेलो अंघोळ केली कपडे बदलले तरी बायको म्हणते अजून तोंडाला वास येतोय, ते कसं काय ते मला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही.

गणितवाला:
डबासाहेब, वहिनी बरोबर बोलतायत. आत गेलेल्या टॉल्युईनपैकी काही भाग, वीस टक्क्यांपर्यंत, जसाच्या तसा उच्छ्वासातून परत निघतो. कपड्यांचा नाही, फुप्फुसातूनच येतो तो वास. बाकीच्याचं यकृत रूपांतर करतं आणि ते लघवीतून जातं.

मी असली मॉडेलं करतो म्हणून जरा लांब लिहितो. १९८४ साली रॅम्सी आणि अँडरसन यांनी स्टायरीन नावाच्या असल्याच एका रसायनासाठी उंदरावरून माणसाचं गणित मांडलं, त्यात शरीराचे चारच भाग धरले: यकृत, चरबी, भरपूर रक्त मिळणारे अवयव आणि कमी रक्त मिळणारे, म्हणजे स्नायू वगैरे. टॉल्युईनलाही तोच सांगाडा चालतो. प्रत्येक भागात रक्ताबरोबर किती आलं, किती परत गेलं, किती शिल्लक, बस्. वाण्याच्या वहीतला जमाखर्च आहे हो, फक्त दर सेकंदाला मांडायचा. आता हवेतून रक्तात किती उतरणार, तर हवा आणि रक्त शेजारी ठेवलं आणि टॉल्युईनला मोकळं सोडलं तर ते हवेपेक्षा साधारण पंधरा पट रक्तात जाऊन बसतं. आणि रक्ताशेजारी चरबी ठेवली तर त्याच्याही कितीतरी पट चरबीत. पण चरबीला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे भरायलाही वेळ आणि रिकामं व्हायलाही वेळ.

ही सगळी नाटकं मराठीत आधीच आहेत! हवेतून रक्तात "शिरतं", रक्तातून अंगभर "भिनतं", चरबीत "मुरतं", आणि मग "निचरा" होतो. आम्ही पुस्तकात अवशोषण, वितरण, संचय, उत्सर्जन असं घोकलं, पण मुरतं म्हटल्यावर जे डोळ्यापुढे येतं ते संचय म्हणून येत नाही. लोणचं मुरायला वेळ लागतो आणि एकदा मुरलं की फोडीतला खार धुऊन निघत नाही, तसंच.

शुद्धलेखन हवालदार:
हे जरा अती होतंय. मुरण्याला "पाणी मुरतंय" असा संशयाचाही वास आहे. शास्त्राला स्वयंपाकघरातले शब्द लावले तर उद्या चयापचयाला फोडणी म्हणाल.

गणितवाला:
फोडणी वाईट नाहीये 😄 पण सिरीयसली, मुरणं इथे नेमकं बसतं. टॉल्युईनचं रक्तातलं प्रमाण तपासायचं तर नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीच्या आधी घेतात. पाळीच्या *आधी*, म्हणजे त्या दिवशी अजून काही हुंगलेलंच नाही, जे सापडेल ते आठवडाभर चरबीत साठून हळूहळू झिरपणारं. हेच मुरणं. आणि अर्धायुष्याची भानगडही इथेच आहे, एकच आकडा नाहीच. रक्तातून पहिला मोठा हिस्सा मिनिटांत उतरतो, स्नायूंचा तासांत, आणि चरबीतलं निम्मं व्हायला अर्धा ते तीन दिवस लागू शकतात. मग आयुष्य कोणाचं, अर्धं कसलं?

जुना केमिस्ट:
निचऱ्याबद्दल एक. उत्सर्जन शब्द धुराड्यालाही वापरतात, कार्बन उत्सर्जन वगैरे, तेव्हा कारखान्याच्या फलकावर गोंधळ होणारच. निचरा मला आवडला, कारण शेतात निचरा किती वेगाने होतो ते चराच्या रुंदीवर ठरतं. यकृताकडे मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त येतं, त्याहून जास्त रक्त ते मिनिटाला साफ करूच शकत नाही, कितीही तरबेज असलं तरी. चर तेवढाच. आणि पाळी सुटल्यावर कोणी दारू घेतली तर यकृत त्यात गुंततं आणि टॉल्युईन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. हे ट्रेनिंगमधे जरूर टाका, लोक तेवढंच लक्षात ठेवतील.

भाषांतरवाली:
टाकलं 🙏 आता हिप्पुरिक आम्लाचं काय करू, टॉल्युईनचं रूपांतर होऊन लघवीत येतं ते? त्याला मराठी प्रतिशब्द मागितलाय क्लायंटने.

जुना केमिस्ट:
नका करू. मूळ ग्रीकमधे हिप्पोस म्हणजे घोडा आणि ऊरॉन म्हणजे मूत्र. १८२९ साली लीबिग यांना ते घोड्याच्या मूत्रात सापडलं म्हणून हे नाव. प्रामाणिक भाषांतर अश्वमूत्राम्ल होईल, आणि ज्याच्या रिपोर्टवर ते छापून येईल तो दुसऱ्या दिवशी कामावर येणार नाही.
बरं, ते आम्ल नुसतं टॉल्युईनमुळेच येतं असंही नाही. टॉल्युईनचं आधी बेन्झोइक आम्ल होतं आणि मग हिप्पुरिक. सॉस, बाटलीतलं लोणचं, सरबत यांत टिकाऊपणासाठी सोडियम बेन्झोएट घालतात, त्याचंही शेवटी हेच. म्हणून आता ऑर्थो-क्रेसॉल बघणं बरं मानतात. तोही टॉल्युईनपासूनच तयार होतो, अगदी थोडा, पण सॉस खाऊन वाढत नाही.

थिनरचा डबा:
म्हणजे लोणचं परत आलंच 😂

नवखी:
मधेच विचारते, ते सगळं आधी काढतात त्याला भाकीत म्हणायचं का? मला भाकीत म्हटलं की पोपटवाला आठवतो.

गणितवाला:
आणि अंदाज म्हटलं की अंदाजपंचे. मी "आडाखा" म्हणेन. आडाखे बांधायला आधी काहीतरी माहिती लागते, हवेतलं प्रमाण, श्वासाचा वेग, माणसाचं वजन, चरबी किती, आणि मग ते बांधतात. भाकीत बांधत नाहीत, करतात. नंतर खऱ्या माणसांच्या रक्ताच्या आकड्यांशी ताडून बघायचं, त्याला "ताळा" आहेच.

शुद्धलेखन हवालदार:
आडाखा मान्य. सही.

भाषांतरवाली:
तर आत्ता असं झालंय, बघा:

"टॉल्युईनची वाफ श्वासातून रक्तात शिरते. जोराचं काम करताना श्वास जास्त, म्हणून शिरतंही जास्त. रक्तातून ते अंगभर भिनतं आणि काही चरबीत मुरतं. यकृत आणि उच्छ्वास मिळून त्याचा निचरा करतात. चरबीत मुरलेलं निम्मं व्हायला अर्धा ते तीन दिवस लागू शकतात, म्हणून तपासणीसाठी मूत्रनमुना व रक्तनमुना ठरलेल्या वेळीच द्यावा."

अर्धायुष्य पूर्ण काढलं, "निम्मं व्हायला लागणारा वेळ" केलंय सगळीकडे. काकांना वाचून दाखवलं, म्हणाले हे आधी का नाही लिहिलं.

थिनरचा डबा:
झकास. फक्त मूत्रनमुना काढा ताई, लघवी लिहा. बाटली हातात देताना कोणी मूत्र म्हणत नाही.